धुऱ्याबाहेरची ओळ

कॉम्प्युटरवरचा तक्ता सगळाच्या सगळा छापायचा नसतो, जेवढा लागतो तेवढाच छापायचा, असं मॅडमनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला ते जरा अन्यायाचंच वाटलं होतं. इतकं बसून टाइप करायचं, मान मोडून घ्यायची, आणि त्यातलं अर्धं कागदावर येणारच नाही? पण मी बोलले नाही. मॅडमसमोर मी 'हो जी' आणि 'अच्छा जी' याच्या पुढं सहसा जायची नाही. आपलं काहीतरी चुकेल आणि उद्यापासून येऊ नको म्हणतील, अशी धाकधूक मला रोजच असायची. त्यांनी कधी साधा आवाजही चढवला नव्हता. पण भीतीला कारण लागतंच असं नाही.

दुकान बेल्लमपल्लीच्या बसस्टँडजवळ होतं. झेरॉक्स, तेलुगू-इंग्रजी टायपिंग, आणि नव्वदीच्या शेवटी शेवटी आलेला एक कॉम्प्युटर. त्याला जोडलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर छापताना असा कर्र कर्र ओरडायचा की बाहेर चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, मॅडमचं काम सुरू झालं. मी तिथं झाडलोट करायला लागले होते.

माझं माहेर बेल्याकडचं, महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेलं गाव. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचा वर्ग गावात नव्हता आणि घरी कापूस वेचायला हात कमी पडत होते. लग्न होऊन इकडे आले. म्हणायला जिल्हा एकच, पण माहेरी जायचं तर सकाळी बसलेला माणूस दिवस मावळताना पोचायचा. बेल्याकडे जिकडे तिकडे मराठी. इथं खाणीचा भोंगा तेवढा मला कळायचा, बाकी सगळं तेलुगू. यांचं भाजीचं दुकान होतं, त्यामुळं हे गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तेलुगू शिकले. मी क्वार्टरच्या मागच्या खोलीत बसून कोणाकडून शिकणार? दिवसभर कोणाशी बोलायला नाही म्हणून मी वाळत चालले, तेव्हा यांनीच मॅडमना विचारलं. त्याबद्दल मी आजही मनातल्या मनात यांचे पाय धरते. तोंडावर मात्र कधी बोलले नाही.

मॅडम तेलुगू. शिकलेल्या, दर रविवारी पांढरी साडी नेसून चर्चला जाणाऱ्या. माझ्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांची हिंदी मोडकी आणि माझी त्याहून मोडकी, त्यामुळं आमचं चांगलं जमलं.

कोळशाच्या पट्ट्यात चंद्रपूर, राजुरा, वणीकडून आलेली मराठी घरं पुष्कळ. एक दिवस खाणीतून निवृत्त झालेले एक काका हातानं लिहिलेली मराठी दरखास्त घेऊन आले. ती टाइप करून पाहिजे होती. मॅडम कागद उलटा-सुलटा करून पाहत होत्या. मी हातात झाडू धरूनच तो वाचून दाखवला. पुढच्या महिन्यात मॅडमनी चंद्रपूरहून मराठी अक्षरांची फ्लॉपी मागवली आणि मला खुर्चीवर बसवलं. माझं सातवीचं मराठी कोणाच्या कामी येईल, असं आमच्या गावच्या गुरुजींनाही वाटलं नसेल.

तर तो तक्ता. आडव्या ओळी, उभे रकाने, चौकटीच चौकटी. पडद्यावर तो कुठवर पसरलाय याला अंतच नसतो. प्रिंटरला तसाच सोडला तर तो निम्मी ओळ एका कागदावर आणि निम्मी दुसऱ्यावर टाकायचा. म्हणून मॅडम म्हणायच्या, आधी सांग त्याला, कुठून कुठवर छापायचं. माऊसनं तेवढा भाग काळा करायचा आणि मग 'एवढंच' असं त्याला बजावायचं. मग त्या भागाभोवती एक बारीक तुटक रेघ यायची. नको असलेले रकाने मिटवून ठेवता यायचे. ते पुसले जात नसत, साडीच्या निऱ्यांसारखे नुसते आत दुमडले जायचे.

मला ते माझ्या पद्धतीनं समजलं. आमच्याकडे वावराच्या कडेनं धुरा असतो. धुऱ्याच्या आत आपण पेरतो, वखरतो, पाणी देतो. धुऱ्याबाहेर तीच काळी माती असते, पण तिला कोणी हात लावत नाही. ती तुटक रेघ म्हणजे धुरा. मी मॅडमना तसं सांगायला गेले, पण धुऱ्याला हिंदीत काय म्हणतात ते मला येईना. शेवटी टेबलावर बोटानं आखून दाखवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "हाँ अम्मा, खेतइच समझो. और एक बात याद रखो. एक बार बोल दिया तो ये मशीन भूलता नहीं. तुम दूसरा नहीं बोलोगे तबतक वहीच छापेगा."

ते मी ऐकलं. लक्षात मात्र पुढं ठेच लागल्यावरच राहिलं.

त्या वर्षी कोळसा पट्ट्यातल्या आमच्या समाजानं बेल्लमपल्लीत वधू-वरांचा मेळावा घ्यायचं ठरवलं. दरखास्त घेऊन आले होते तेच काका समितीचे पुढारी. रेल्वेची सोय होती, चंद्रपूर-राजुऱ्याकडची माणसं पॅसेंजरनं येऊ शकत होती. मारुतीच्या देवळामागं मांडव टाकायचा आणि मुला-मुलींची माहिती मोठ्या कागदांवर छापून कनातीला चिकटवायची, असं ठरलं. काम मॅडमच्या दुकानाला आलं, म्हणजे माझ्याकडे आलं.

नाव, गाव, कुळ, मामेकुळ, वय, शिक्षण, कामधंदा, विशेष, पत्ता, असे रकाने पाडले. शेवटचे दोन कागदाच्या रुंदीत मावत नव्हते. पण काकांना ते तसेही नकोच होते.

"कनातीवर इतकं नोको, बाई," काका म्हणाले. "पत्ता लिवला का उद्यापासून कोनीबी पोरीच्या दारात जाऊन उभं राह्यते. आन् विशेषात लोकं कायबी लिवून राह्यले. हे पाह्य, एकानं लिवलं, 'स्वभाव तापट, पण लवकर शांत होतो.' हे छापाचं असते काय?"

"मंग काय करू, काका?"

"मिटवून ठेव. ज्याले पाह्यजे त्यानं माह्याजवळ येऊन इचारावं."

मी दोन्ही रकाने मिटवले. मिटवताना माझा हात थोडा अडखळला. कारण विशेषाच्या रकान्यात एक ओळ माझ्या धाकट्या बहिणीची होती.

धाकटी माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली. ती दहावी झाली, गावात बालवाडी चालवायची. तिच्या डाव्या हातावर लहानपणीच एक पांढरा डाग उठला. मग तो पंजाभर झाला, मग मानेवर एक आला. कोड. दुखत नाही, कोणाला लागत नाही, पण आमच्याकडे त्याचं नाव काढलं तरी लोक आवाज खाली करतात. वैद्याची औषधं झाली, आदिलाबादच्या दवाखान्याची झाली, बाबांनी कोणी सांगितलेले सगळे पाले वाटून लावले. मग आईनं लांब बाह्यांची पोलकी शिवली. पाहुणे पाहायला आले की पोह्यांच्या बशा उजव्या हातानं द्यायच्या, डावा हात पदराखाली. कधी चहा देताना, कधी वाकून नमस्कार करताना, पदर सरकायचाच. मग पाहुण्यांना एकदम बस गाठायची आठवण व्हायची. मी माहेरी असताना एकदा पाहिलं होतं. अर्धे खाल्लेले पोहे तसेच सोडून ते लोक उठले. धाकटीनं एकेक बशी उचलली आणि सगळे पोहे गोऱ्ह्यासमोर टाकले. 

मेळाव्याचं मी पत्रानं कळवलं तेव्हा तिनं माहिती पाठवली, स्वतःच्या अक्षरात. विशेषाच्या जागी लिहिलं होतं, 'डाव्या हातावर व मानेवर कोड आहे. लपवायचे नाही.' आणि सोबत वेगळ्या चिठ्ठीत मला, 'बाई, तू म्हणते म्हणून हे एकदा. याच्यानंतर मी कोणासमोर बशी घेऊन जाणार नाही. बाबांना सांगून ठेवलं आहे.' आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात.

ती बोलली की करते. म्हणजे हा मेळावा शेवटचा. तिला माणूस नको होता असं नाही. नको झालं होतं ते पदराखाली हात धरून बसणं.

आता घडलं काय ते सांगते. तिची माहिती तशी आधीच आली होती. पण मी तिला यादीत शेवटी ठेवलं. मांडव आपला, काम आपण करतोय, मग आपल्या माणसाचं नाव वर कसं घालायचं? आमच्या आईची शिकवण अशी की घरच्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं. पाहुण्यांच्या पंगतीत घरचं पोर बसलेलं दिसलं तर ती डोळ्यांनीच उठवायची. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण टाइप करताना माझा हात आपोआपच तसा चालला. नवीन नाव आलं की धाकटीची ओळ उचलायची आणि त्याच्याखाली ठेवायची.

शुक्रवारी मॅडमनी ओळी-रकाने तपासले, भाग काळा केला, त्याला 'एवढंच' म्हणून बजावलं. धुरा धाकटीच्या ओळीखालून गेला. शनिवारी सकाळी छापायचं होतं, तेवढ्यात एक बाप घाईघाईनं आपल्या मुलीची माहिती घेऊन आला. तिला कुठं बसवायचं? मी धाकटीच्या जागेवर तिला बसवलं आणि धाकटीला एक ओळ खाली सरकवलं. गाडीत एखादी म्हातारी चढली की आपण उठतो तसं.

मग छापायला लावलं. त्या नवीन मुलीचं नाव नीट आलं का ते मी दोनदा पाहिलं. मुलीचा बाप तिथंच उभा होता, त्याला बोटानं दाखवलं. धाकटीचं पाहिलं नाही. आपल्याच माणसाचं काय पाहायचं? आणि खरं सांगायचं तर काका जवळ होते. ही आपल्याच बहिणीचं पाहत बसते असं त्यांना वाटू नये, असंही मनात आलं.

शनिवारी संध्याकाळी धाकटी आणि बाबा बसनं आले. दिवसभराच्या धुळीनं भरलेले. यांनी वांगी आणि मेथी घरी पाठवली होती. जेवताना बाबा दोनदा म्हणाले, "उद्या लांब बाह्यांचं घालजो, माय." धाकटीनं आणखी थोडी मेथी वाढून घेतली. सकाळी ती आखूड बाह्यांचं पोलकं घालून तयार झाली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि चपला घालायला बाहेर गेले.

मांडवात गर्दी झाली होती. पॅसेंजरनं आलेली माणसं, कोणाच्या डोक्याला टोपी, कोणाच्या खांद्यावर दुपट्टा. कागदांसमोर बायका बोट लावून वाचत होत्या. काका लाऊडस्पीकरवर सांगत होते की पिण्याचं पाणी खांबाजवळ आहे, ग्लास तिथंच ठेवावा, हरवू नये. धाकटी मुलींच्या कागदांसमोर गेली. वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वरपासून. मला वाटलं, बाकीच्यांची माहिती वाचत असेल.

ती माझ्याजवळ आली. "बाई, मी यात नाई."

"नाई कशी? शेवटी पाह्य ना."

"शेवटीच पाह्यलं."

मी गेले. शेवटच्या ओळीत त्या घाईघाईनं आलेल्या बापाची मुलगी होती. तिच्याखाली कोरा कागद.

मी कागदाची कड उचलून मागची बाजूही पाहिली. धाकटी मात्र एकदम शांत होती आणि तेच मला सोसेना. ती म्हणाली, "बरंच झालं. बाबाले घेऊन दुपारच्या बसनं जातो आमी."

"थांब."

"कायले? इतक्या लोकायत कोनाले समजलं बी नाई का एक नाव कमी हाय."

मी तिचा हात धरला, तो डावाच होता, आणि तिला ओढतच दुकानाकडे निघाले. वाटेत आठवलं, आज रविवार. दुकान बंद, किल्ली मॅडमजवळ, मॅडम चर्चमध्ये. चर्चच्या फाटकाबाहेर आम्ही दोघी कडुलिंबाखाली उभ्या राहिलो. आत गाणं चालू होतं. माझ्या डोक्यात नको नको ते येत होतं. मॅडम देवाच्या दारातून बाहेर येणार आणि मी त्यांना सांगणार की तुमच्या दुकानातून चुकीचं काम गेलं. आता काका पुन्हा काम देणार नाहीत. आता मॅडम मला ठेवणार नाहीत. आता परत ती मागची खोली.

धाकटी म्हणाली, "तू काऊन रडून राह्यली? नाव माहं गेलं."

मॅडम बाहेर आल्या. आम्हाला पाहून थांबल्या. "क्या हुआ अम्मा? ये कौन, बहन?"

मी मोडकं-तोडकं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, धाकटीच्या हाताकडे एकदा पाहिलं, तिच्या तोंडाकडे एकदा. मग म्हणाल्या, "पर्वालेदु," म्हणजे काही हरकत नाही, "चलो, देखेंगे." आणि तशाच त्या पांढऱ्या साडीत दुकानाचं शटर वर करायला वाकल्या. मी धावत जाऊन हात लावला.

कॉम्प्युटर लावला. तक्ता उघडला. मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. तुटक रेघ त्या नव्या मुलीच्या नावाखालून गेली होती आणि रेघेच्या खाली, एकटीच, धाकटीची ओळ.

"देखो," मॅडम म्हणाल्या, "बहन तो यहीच है. बाहर खड़ी है." मग थोडं थांबून, "शुक्रवार को मैं लगाई, शनिचर को देखना था मेरे को. मैं नहीं देखी."

चूक त्यांनी अशी सहज उचलून स्वतःच्या बाजूला ठेवली.  

पूर्ण यादी पुन्हा छापायला कागद नव्हता. भोकाभोकाच्या कडांचा तो लांब कागद संपत आला होता, आणि रविवारी बेल्लमपल्लीत कुठं मिळणार? मॅडम म्हणाल्या, एकच ओळ छापू. पण नुसती ओळ कोणाला कळणार? वर मथळा पाहिजे, नाव, गाव, कुळ वगैरे. मथळा सगळ्यात वर, धाकटी सगळ्यात खाली. म्हणून मधल्या सगळ्या ओळी मिटवायच्या. मी मिटवल्या. एकेक मुलगी आत दुमडली गेली आणि पडद्यावर मथळ्याला लागून धाकटी आली. तिनं पाहिलं आणि पहिल्यांदा हसली. "वा. आता मीच एक हाय."

मग नवा धुरा आखला.  या सगळ्या उघड-मीट करण्यात शेवटचे दोन रकाने उघडे झाले होते ते माझ्या लक्षात आलं नाही. प्रिंटर ओरडायला लागला. पहिला कागद आला, त्यावर नावापासून कामधंद्यापर्यंत. मग प्रिंटर थांबला नाही. दुसरा कागद सरकायला लागला. रुंदीत न मावलेलं ते त्यावर येत होतं. विशेष, पत्ता.

मी एकदम बटण बंद करायला वाकले. धाकटीनं माझं मनगट धरलं.

"राहू दे."

"अवो, सगळ्यायचं मिटवलं हाय. काकाच बोल्ले तसं."

"सगळ्यायचं मिटव. माहं राहू दे." आणि मग, कागदाकडेच पाहत, "बाई, मले एकदा तरी पाह्याचं हाय, मालूम असून कोनी येते का ते."

मॅडमना मराठी कळत नव्हतं. पण त्या प्रिंटरपाशी आल्या आणि दुसरा कागद पूर्ण बाहेर येईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या, मग कडेच्या भोकांच्या पट्ट्या अलगद फाडून कागद धाकटीच्या हातात दिला. डिंकाची बाटलीही दिली.

आम्ही परत आलो तोवर कनात भरून गेली होती. काकांनी कागद पाहिला, दुसरा कागद पाहिला आणि डोक्यावरची टोपी मागं सारली.

"पोरी, हे काऊन छापलं?"

"मीच म्हनलं, काका."

"तुह्या बाबाले मालूम हाय?"

"पाह्यतीनच आता."

काकांनी कनातीवरून इकडून तिकडे नजर फिरवली. मग म्हणाले, "कनातीले जागा नाई. त्या खांबाले लाव." तो खांब पाण्याच्या पिंपाशेजारचा. आम्ही दोन्ही कागद एकाला एक जोडून तिथं चिकटवले.

आणि मग जे व्हायचं ते झालं. पाणी प्यायला सगळेच येत होते. कनातीवरच्या मुली एकेकाला शोधाव्या लागत होत्या, ही मात्र सगळ्यांच्या डोळ्यासमोर. "हे एकटीच काऊन?" "खास पाव्हनी दिसते." एक बाई वाचता वाचता दुसऱ्या कागदावर आली, ओठ हलायचे थांबले, आणि हातातला ग्लास तिनं पुन्हा विसळून घेतला. बाबा दूर मांडवाच्या दोरीजवळ उकिडवे बसले होते. त्यांनी कागद पाहिला होता.  पण धाकटीला घेऊन निघाले नाहीत.

पिंपावर पाणी द्यायला कोणी नव्हतं, म्हणून धाकटीच उभी राहिली. रिकामं उभं राहणं तिला जमत नाही. मी शेजारी ग्लास धूत होते.

राजुऱ्याकडची एक म्हातारी आली. कमरेत वाकलेली, कपाळावर गोंदण. कागदाकडे बोट दाखवून धाकटीला म्हणाली, "माय, मले वाचता येत नाई. हे काय लिवलं, वाच बरं."

धाकटीनं वाचलं. नाव, गाव, कुळ, मामेकुळ. म्हातारी प्रत्येकाला मान हलवत होती. मामेकुळाला थांबून म्हणाली, "हे आपल्यात बसते. पुढं." वय. शिक्षण. बालवाडीत शिकवते. मग विशेष. माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. धाकटीचा आवाज जरा सुद्धा बदलला नाही. "डाव्या हातावर व मानेवर कोड आहे. लपवायचे नाही."

"आसं लिवलं?"

"हो."

"कोनं लिवलं?"

"तिनंच."

म्हातारी कागदाकडे पाहत राहिली, जसं काही आता वाचता येत होतं. "आन् कुठी हाय हे पोट्टी? दाखव मले."

धाकटीनं पिंपात ग्लास बुडवला, भरला आणि डाव्या हातानं तिच्यासमोर धरला. "हे काय. तुमाले पानी देऊन राह्यली."

म्हातारीनं तो हात पाहिला. नीट पाहिला, मान वाकडी करून, बाजारात भेंडी पाहावी तसा. मग ग्लास घेतला आणि तिथंच उभी राहून सगळं पाणी प्यायली. वरून ओतून नाही, ओठ लावून. रिकामा ग्लास धाकटीच्याच हातात दिला.

"माहा पोरगा त्या आंब्याखाली बसला हाय," ती म्हणाली. "खानीत हाय, आवाजात काम करून करून एका कानानं कमी आयकते. आमी ते लिवलं नव्हतं. चाल, तू पाह्य त्याले. तुले नाई पटला तं तसं सांगजो, मी रागावनार नाई."

धाकटी माझ्याकडे पाहायला लागली. मी मान हलवली. ती पदराला हात पुसून म्हातारीमागं गेली. दोरीजवळ बसलेले बाबा उठून उभे राहिले. मी मात्र तिथंच पिंपापाशी राहिले, पाणी द्यायला कोणीतरी पाहिजे म्हणून. लांबून दिसत होतं. तो माणूस आंब्याखालून उठला, धाकटी काहीतरी बोलली, त्यानं दुसरा कान पुढं केला, तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. मग तो हसला.

काय सांगितलं ते मी तिला पुष्कळदा विचारलं. ती सांगत नाही. लग्न उन्हाळ्याच्या आधी झालं. पाहायला आम्हीच त्यांच्या घरी गेलो तेव्हा पोहे त्या म्हातारीनं केले होते आणि बशी तिच्या पोरानं आणली होती.

पण त्या मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सोमवारी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. झाडून घेतलं, पाणी भरलं. मॅडम आल्या, पंखा लावला आणि माझ्याकडे पाहून भुवया वर केल्या. मी पाण्याचा ग्लास, म्हातारी, आंबा, सगळं हातवारे करून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "फाईल ठीक करके रखो. काका को और कॉपी लगेगा."

बस. त्यापुढं काही नाही. मी खुर्चीवर बसले.

तक्ता उघडला तर तो कालच्यासारखाच होता. मथळा, आणि मथळ्याला लागून एकटी धाकटी. बाकी सगळ्या आत दुमडलेल्या. मी त्या उलगडल्या. एकेक करून परत आल्या, वणीची, राजुऱ्याची, घाईघाईनं आलेल्या बापाची, आणि धाकटी सरकत सरकत पुन्हा सगळ्यात खाली गेली. क्षणभर वाटलं, आता तरी तिला वर घ्यावं. पण तसं केलं नाही. घरच्यांनी शेवटीच बसायचं. मी तिला तिथंच ठेवलं, विशेषाचा आणि पत्त्याचा रकाना पुन्हा मिटवला, आणि धुरा तिच्या ओळीच्या खालूनच गेलाय ना, ते बोट लावून पाहिलं.

मग छापायच्या आधी, मॅडम समोर बसलेल्या असताना, तिची ओळ दोनदा वाचली.